२०० जीबी म्हणजे नेमके किती? एका स्क्रिप्टमधली एककाची चूक

शनिवारी संध्याकाळी छापखान्यातली मशिनं थांबली आणि आम्ही फाइल सर्व्हर बंद केला. काम साधं होतं. जुनी ५०० जीबीची फिरती डिस्क महिनाभर कुरकुरत होती, तिच्यावरचा सगळा माल नव्या २४० जीबीच्या एसएसडीवर हलवायचा होता. प्रत्यक्ष माल १६० जीबीच्या आसपास, म्हणजे जागा भरपूर. दिवाळी अंकांचा हंगाम होता आणि सोमवारी सकाळी एका अंकाचे शेवटचे दोन फर्मे प्लेटला जायचे होते, म्हणून मालकांनी रविवारही आमच्यासाठी मोकळा ठेवला होता. मला तो लागणार नाही याची खात्री होती. हे काम करणारी स्क्रिप्ट आमची स्वतःची होती आणि दोन वर्षं बिनबोभाट चालत आली होती.

स्क्रिप्टचा क्रम असा: जुन्या डिस्कवरची फाइलसिस्टीम (कुठली फाइल कुठं आहे याचा हिशोब ठेवणारी मांडणी) तपासायची, ती २०० जीबीपर्यंत आकसायची, मग तिच्याभोवतीचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर तिला आखून दिलेला तुकडा, तेवढंच लहान करायचं, एसएसडीवर त्याच मापाचं पार्टिशन पाडायचं आणि डीडी या कॉपीच्या साधनानं एकाचं दुसऱ्यावर जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. रात्री साडेदहाच्या सुमारास कॉपी संपली. डीडीने शेवटच्या ओळीत छापलं की २,००,००,००,००,००० बाइट कॉपी झाले, आणि शेजारी त्याच आकड्याची दोन रूपंही दिली: २०० जीबी, १८६ जीआयबी. आम्ही ‘२००’ वाचलं आणि चहा मागवला. १८६कडे कुणी पाहिलंच नाही.

पुढची पायरी माउंट करण्याची, म्हणजे फाइलसिस्टीम वापरासाठी जोडण्याची. तिथं गाडं अडलं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये ओळ होती: ‘बॅड जॉमेट्री: ब्लॉक काउंट ५२४२८८०० एक्सीड्स साइझ ऑफ डिव्हाइस (४८८२८१२५ ब्लॉक्स)’. फाइलसिस्टीम म्हणतेय माझे सव्वापाच कोटी ब्लॉक (जागा मोजायचे ठरावीक मापाचे ठोकळे) आहेत, आणि पार्टिशन म्हणतंय माझ्याकडे तेवढे मावतच नाहीत.

पहिला संशय नव्या एसएसडीवर गेला, कारण नवीन वस्तूवर संशय घेणं सोपं असतं. केबल बदलली, पोर्ट बदलला, यात पाऊण तास गेला. कॉपी पुन्हा लावायच्या बेतात होतो तेवढ्यात बरोबरचा मुलगा म्हणाला, “सर, डिस्क खराब असती तर आकडा इतका नीटनेटका आला असता का? दोनच्या पुढं सगळी शून्यंच आहेत.” बरोबर होतं. खराब डिस्क कुठंही थांबते, ती नेमक्या वीस हजार कोटी बाइटांवर थांबत नाही.

टेबलावर एका अंकाची प्रुफं पडली होती. त्यातल्या एका पानाच्या पाठीवर दोन्ही ब्लॉकसंख्या लिहिल्या आणि मोबाइलवर भागाकार केला. उत्तर आलं १.०७३७४१८२४. पुढं काहीच नाही, नऊ दशांश स्थळांवर भागाकार पुरा.

हा आकडा म्हणजे १०२४चा घन भागिले १०००चा घन. चोराच्या बोटांचे ठसेच मिळाले म्हणा ना. कुठंतरी ‘जी’ हे अक्षर एकदा १०२४च्या पटीत वाचलं गेलं होतं आणि एकदा १०००च्या. ही भागाकाराची युक्ती मी आता सगळ्यांना सांगतो, कारण ती लॉग वाचण्यापेक्षा लवकर उत्तर देते. जुळत नसलेली दोन मापं घ्या, मोठ्याला लहानाने भागा. १.०२४ आलं तर किलोचा घोळ, १.०४८५७६ आलं तर मेगाचा, १.०९९५ आणि पुढं काही आलं तर टेराचा. नेमके २ आले तर एक जण ५१२ बाइटांचे सेक्टर मोजतोय आणि दुसरा १,०२४ बाइटांचे ब्लॉक. ८ आले तर ५१२ आणि ४,०९६ यांची गल्लत आहे. उत्तर यातलं कुठलंच नसेल तर मग खुशाल केबल बदला.

आता चूक आली कुठून ते सांगतो. ती आमचीच होती, खरं तर माझीच.

दोन वर्षांपूर्वी ही स्क्रिप्ट लिहिली ती विंडोजच्या मशिनांसाठी, म्हणजे एनटीएफएस फाइलसिस्टीमसाठी. ती आकसायला लिनक्सवर एनटीएफएस-रिसाइझ नावाचं साधन आहे. त्याच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय की के म्हणजे १,०००, एम म्हणजे दहा लाख, जी म्हणजे शंभर कोटी. १०२४च्या पटी हव्या असतील तर जीआय असं लिहा. पार्टिशन बदलायला आम्ही पार्टेड वापरतो. त्याच्यातही जीबी म्हणजे १०००चा घन आणि १०२४चा घन हवा असेल तर जीआयबी. दोघांची भाषा एक. त्यामुळे स्क्रिप्टच्या माथ्यावर मी ‘साइझ = २००’ लिहिलं, शेजारी शेरा टाकला ‘जीबीमध्ये’, एका ओळीत २००च्या पुढं ‘जी’ जोडून तो आकडा एनटीएफएस-रिसाइझला दिला, आणि दुसऱ्या ओळीत सुरुवातीच्या बाइटात २०० गुणिले १०००चा घन मिळवून पार्टिशनचा शेवट काढला. ते गणित तेव्हा बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

मग लिनक्सचे सर्व्हर आले. एक्स्ट-फोर या लिनक्सच्या फाइलसिस्टीमसाठी स्क्रिप्टमध्ये एक फाटा वाढवला. एनटीएफएस-रिसाइझच्या जागी रिसाइझ-टू-एफएस टाकलं आणि बाकीची ओळ तशीच ठेवली, ‘२००जी’. पण रिसाइझ-टू-एफएसच्या जगात जी म्हणजे १०२४चा घन. त्यामुळे फाइलसिस्टीम झाली २,१४,७४,८३,६४,८०० बाइटांची आणि पार्टिशन झालं २,००,००,००,००,००० बाइटांचं. १४,७४,८३,६४,८०० बाइटांची शेपटी कुंपणाबाहेर राहिली.

हे इतके दिवस लपलं कसं? एक्स्ट-फोरचा फाटा आम्ही तोवर फक्त वाढवण्यासाठी वापरला होता. वाढवताना आधी पार्टिशन मोठं करायचं आणि मग रिसाइझ-टू-एफएसला आकडा न देता चालवायचं. आकडा नसला की ते मिळेल तेवढी जागा व्यापतं. आकडाच नाही तर एकक चुकणार कुठून? आकसण्याची ही पहिलीच वेळ होती. आणि चूक उलट्या दिशेनं झाली असती, म्हणजे फाइलसिस्टीम १०००च्या पटीत आणि पार्टिशन १०२४च्या पटीत, तर आजही कळलं नसतं. फाइलसिस्टीम पार्टिशनपेक्षा लहान असली तर नुसती जागा वाया जाते, कोणी तक्रार करत नाही. मोठी असली तर मरण.

इथं थोडं विषयांतर करतो. ‘जी’ या एका अक्षराबद्दल साधनांमध्ये किती मतं आहेत ते एकदा बसून पाहिलं आणि चूक इतक्या उशिरा झाली याचंच नवल वाटलं. एलव्हीएमला (डिस्कच्या जागेची लवचीक वाटणी करणारी लिनक्सची सोय) आकार देताना जी लहान लिपीत लिहा की मोठ्या, तो १०२४च्याच पटीत धरला जातो. पण त्याच एलव्हीएमच्या यादीत आकार पाहायला एककाचा पर्याय दिला, तर लहान जी म्हणजे १०२४ची पट आणि मोठा जी म्हणजे १०००ची. डीडीमध्ये जी म्हणजे १०२४ची पट, पण जीबी म्हणजे १०००ची. पार्टिशन पाडणाऱ्या एफडिस्कमध्येही आता तसंच. मोकळी जागा दाखवणाऱ्या डीएफला छोटा एच दिला तर १०२४, मोठा एच दिला तर १०००. कर्नलच्या प्रॉक-पार्टिशन्समध्ये आकडे १,०२४ बाइटांच्या ब्लॉकमध्ये असतात आणि सिसमधल्या साइझच्या फाइलीत ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये. रिसाइझ-टू-एफएसला एककाशिवाय नुसता आकडा दिला तर तो त्या फाइलसिस्टीमच्या स्वतःच्या ब्लॉकमध्ये मोजतो, आणि हा ब्लॉक बहुधा ४,०९६ बाइटांचा असला तरी छोट्या बूट पार्टिशनवर १,०२४चाही असतो. १९९८च्या डिसेंबरात आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं किबी, मेबी, गिबी ही वेगळी नावं ठरवून दिली ती याच गोंधळावर तोडगा म्हणून. नावं आली, पण जुनी अक्षरं कुणी परत घेतली नाहीत. आणि आपल्या जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीची गंमत तर आणखी वेगळी: तिचा मेगाबाइट १,००० गुणिले १,०२४, म्हणजे ना इकडचा ना तिकडचा.

परत शनिवारच्या रात्रीकडे. शेपटीत नेमकं काय अडकलं होतं? एक्स्ट-फोर आपली जागा गटांमध्ये वाटते, ४,०९६ बाइटांच्या ब्लॉकला एका गटात ३२,७६८ ब्लॉक. म्हणजे फाइलसिस्टीमचे बरोबर १,६०० गट होते, शून्यापासून १,५९९पर्यंत. पार्टिशनची कड १,४९० क्रमांकाच्या गटात पडली होती. त्या गटाचे जेमतेम ३,८०५ ब्लॉक आत होते आणि त्यापुढचे १०९ गट सगळेच्या सगळे बाहेर. फाइलसिस्टीमची माहिती छापणाऱ्या डंप-ई-टू-एफएसच्या यादीत त्यातल्या कित्येक गटांत मोकळे ब्लॉक फार थोडे दिसत होते. रिकामी शेपटी नव्हती ती. छापखान्याच्या फाइली होत्या तिथं.

याच वेळी ई-टू-एफएससीके हे फाइलसिस्टीम तपासायचं साधन चालवलं की ते विचारतं: सुपरब्लॉकप्रमाणे (फाइलसिस्टीमची स्वतःबद्दलची मूळ नोंद) फाइलसिस्टीम इतकी आहे, डिव्हाइस इतकं आहे, दोनपैकी एक बहुधा बिघडलंय, थांबू का? याला ‘हो’ म्हणायचं. रात्री अकराला, मालक दारात उभे असताना, ‘नाही’ म्हणून पुढं रेटायचा मोह होतो. तसं केलं तर ते बाहेर पडलेले ब्लॉक वाचायचा प्रयत्न करतं, वाचता आले नाहीत की दुरुस्ती सुचवू लागतं, आणि ती दुरुस्ती म्हणजे धडधाकट फाइलींच्या नोंदी पुसणं. रोग पार्टिशनला झालेला असताना औषध फाइलसिस्टीमला पाजायचं, असा तो प्रकार.

आमचं नशीब म्हणा, जुनी डिस्क जागेवर होती आणि पार्टिशन आकसल्यानंतर तिच्यावर एक बाइटही लिहिला गेला नव्हता. पार्टिशनचा तक्ता बदलणं म्हणजे सातबाऱ्यावरचं क्षेत्र बदलणं. कागदावर शेत लहान झालं म्हणून बांधापलीकडचं पीक कोणी उपटून नेत नाही. स्क्रिप्ट सुरुवातीलाच एसएफडिस्क या साधनानं पार्टिशनचा जुना तक्ता काढून ठेवते, हे त्यातलं एक शहाणपण मात्र दोन वर्षांपूर्वीच सुचलं होतं. तो तक्ता परत चढवला. पार्टिशन आपल्या मूळ मोठ्या मापाचं झालं, २०० गिबीबाइटची फाइलसिस्टीम त्यात आरामात बसली. ई-टू-एफएससीके फक्त वाचण्याच्या पर्यायानं, काहीही न बदलता चालवलं. पाचही टप्पे निर्धोक.

मालक तोवर खुर्ची ओढून बसले होते. “काय हो, गेलं का काही?” एवढंच विचारलं त्यांनी. “काही गेलं नाही, पण रविवार लागेल,” म्हटलं. ते घरी गेले.

उरलेली रात्र हातानं काम केलं. पार्टिशन २ जुन्या डिस्कवर ज्या सेक्टरपासून सुरू होत होतं, म्हणजे २०,९९,२००, त्याच सेक्टरपासून एसएसडीवर सुरू केलं आणि ४१,९४,३०,४०० सेक्टर दिले. शेवटचा सेक्टर ४२,१५,२९,५९९. एसएसडीचे एकूण सेक्टर ४६,८८,६२,१२८, म्हणजे बसतंय. प्रत्येक आकडा दोघांनी वेगवेगळा काढून एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवला. पुन्हा कॉपी, पुन्हा तपासणी, माउंट. रविवारी पहाटे सर्व्हर उठला.

खरी दुरुस्ती नंतरच्या आठवड्यात केली, आणि तिचा पहिला प्रयत्नही चुकला. तेही सांगायला हवं.

पहिल्या प्रयत्नात मी म्हटलं, जी-बी नकोच, दोन्हीकडे सेक्टर देऊ. रिसाइझ-टू-एफएस आकड्यापुढं ‘एस’ घेतं, पार्टेडही ‘एस’ घेतं. एकच अक्षर, एकच माप, प्रश्न मिटला. बरोबरच्या मुलानं दोन्ही मॅन्युअलं शेजारीशेजारी उघडली आणि मला बोलावलं. रिसाइझ-टू-एफएसचा एस म्हणजे कायम ५१२ बाइट. पार्टेडचा एस म्हणजे त्या डिस्कचा स्वतःचा लॉजिकल सेक्टर, जो बहुतेक डिस्कवर ५१२चा असतो पण अस्सल ४के डिस्कवर ४,०९६चा. तशी डिस्क एखाद्या दिवशी आली असती तर ७ टक्क्यांचा नाही, आठ पटींचा घोळ. मी एक चूक काढून त्याच जातीची दुसरी पेरत होतो, फक्त अक्षर बदललं होतं.

मग विचाराची दिशाच बदलली. सगळा दोष गुणाकारात आहे असं मी धरून चाललो होतो. गुणाकार कुठंच चुकला नव्हता. २०० हा आकडा एकक न घेता स्क्रिप्टभर फिरत होता आणि प्रत्येक ओळ आपल्या मनचं एकक त्याला जोडत होती. आणि त्याहून मोठी चूक: मी फाइलसिस्टीम आकसायला सांगितली आणि ती किती आकसली हे तिला विचारलंच नाही. पार्टिशन मी माझ्या इच्छेच्या मापानं कापलं, कापडाच्या नाही.

आता स्क्रिप्ट असं करते. आत सगळीकडे फक्त बाइट, पूर्णांकात. चलाचं नावच एकक सांगतं. ‘साइझ’ नावाचं चल उरलंच नाही, ‘साइझ-बाइट’ आहे, ‘सुरुवात-बाइट’ आहे. रिसाइझ-टू-एफएसला आकडा ‘के’ लावून जातो, कारण तिथं के म्हणजे १,०२४ याबद्दल वाद नाही. ते संपलं की सुपरब्लॉकमधून ब्लॉकसंख्या आणि ब्लॉकचा आकार वाचायचा, दोन्हींचा गुणाकार करायचा, तो पुढच्या मेबीबाइटपर्यंत वर सरकवायचा, आणि त्यावरून पार्टिशनचा शेवट ठरवायचा. पार्टेडला तो ‘बी’ लावून, बाइटातच द्यायचा. आमच्या त्या सर्व्हरसाठी तो शेवट २,१५,८२,३१,५५,१९९वा बाइट येतो. माणसानं सुरुवातीला काय मागितलं होतं याचा पार्टिशनशी आता काही संबंध नाही.

शेवटी एक राखणदार: पार्टिशन बदलल्यावर, कॉपी सुरू होण्याआधी, ब्लॉकडेव्ह या साधनाला डिव्हाइसचा आकार बाइटमध्ये विचारायचा आणि फाइलसिस्टीमच्या आकाराशी ताडायचा. फाइलसिस्टीम मोठी निघाली तर तक्ता परत चढवून तिथंच थांबायचं. त्या शनिवारी ही एक तुलना असती तर आम्ही आठ वाजता घरी गेलो असतो.

काही जुनी मंडळी म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, फाइलसिस्टीम आधी हवी त्यापेक्षा थोडी लहान करा, मग पार्टिशन कापा, मग फाइलसिस्टीमला पुन्हा कडेपर्यंत वाढू द्या. रीत चांगली आहे, मीही हातानं काम करताना हेच करतो. पण ‘थोडी’ म्हणजे किती? सवयीनं लोक ५ टक्के सोडतात. जीच्या पातळीवर फरक ७.३७ टक्के आहे आणि टीच्या पातळीवर जवळपास १०. शिवाय ही मोकळीक चूक झाकते, काढत नाही. एमच्या पातळीवर ती वर्षानुवर्षं तगून जाईल. एलव्हीएम असेल तर मात्र सरळ त्याचाच फाइलसिस्टीमसकट आकार बदलण्याचा पर्याय वापरावा. दोन्ही मापं एकाच ठिकाणाहून निघतात, मध्ये आपण लुडबुड करत नाही.

चाचण्यांसाठी खऱ्या डिस्क लागत नाहीत. ट्रंकेटने ३०० गिबीबाइटची पोकळ फाइल बनवली, ती लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे खरी डिस्क असल्यासारखी, जोडली आणि स्क्रिप्ट तिच्यावर सोडली. डिस्कवर प्रत्यक्षात जागा फार थोडी लागते. ही जोडणी करणाऱ्या लॉसेटअपला सेक्टरचा आकार ४,०९६ सांगता येतो, त्यामुळे कधी न पाहिलेल्या ४के डिस्कवरचीही चाचणी टेबलावर झाली. एक चाचणी १,०२४ बाइटांच्या ब्लॉकवर. आणि एक मुद्दाम जुन्या चुकीची: ओळ परत बिघडवायची आणि राखणदार ओरडतो का ते पाहायचं. ओरडला.

बाहेरून दिसणारा बदल एकच. स्क्रिप्टला आता ‘२००जी’ सांगितलं तर ती काम करायला नकार देते आणि जीबी की जीआयबी असं विचारते. मुलाला याचा कंटाळा येतो, पण बदल त्यानंच लिहिलाय.

सोमवारी सकाळी फर्मे वेळेवर गेले. मी लॅपटॉप आवरत होतो तेवढ्यात मालक एसएसडीचं रिकामं खोकं घेऊन आले. खोक्यावर २४०, माझ्या पडद्यावरच्या यादीत २२३.६. “बाकीचे सोळा कुठं गेले? पावती तर २४०ची आहे.” मी पुन्हा सगळं सांगितलं, एक हजार आणि एक हजार चोवीस. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, “म्हणजे तोळ्यासारखं. आमच्या आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या मोडायला नेल्या तर सोनार म्हणाला, पावणेसहाच्या वर भरतात. मी म्हटलं, वजनकाटा तरी बिघडलाय नाहीतर आजी तरी खोटं बोलली. तो म्हणाला, आजीचा तोळा पावणेबारा ग्रॅमच्या आसपासचा, माझा दहाचा.” खोकं त्यांनी कपाटावर ठेवलं आणि प्लेटा बघायला आत गेले.